ह्यांचं नाव

४ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी मोठं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. फोनवर तुम्ही अर्ध्यातच बरं म्हणून ठेवून देता, म्हणून कागदावर गाठलंय.

आमच्या कंपनीची नवी मालवाहू बोट तयार झाली. हलक्या बांध्याची, कमी तेल खाणारी. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून जाणारी ही आमची पहिलीच बोट, आणि तिला दादाचं नाव द्यायचं ठरलंय. मी सुचवलं आणि साहेबांनी लगेच मान्य केलं. वहिनी, दादाचं म्हणून आपल्याकडे उरलं काय? तो तर सापडलासुद्धा नाही. निदान एवढ्या मोठ्या पोलादावर नाव तरी राहील. मे महिन्यात समारंभ आहे, पडदा तुम्हीच ओढायचा. पत्नीची संमती हवी असं साहेब म्हणाले, तेवढ्या दोन ओळी पाठवा.

मंगळवारी टीव्हीवरचा वाद पाहिलात का? कंपनीतर्फे मी होतो. उत्तरेचा बर्फ संपत चाललाय म्हणून एक प्राध्यापक बाई आकडे घेऊन आल्या होत्या. मी एवढंच सांगितलं, की माझ्या भावाने त्या बर्फावर उमेदीची वर्षं काढली आणि तो म्हणायचा, बर्फ येतो, बर्फ जातो. बाईंची बोलतीच बंद झाली.

तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा निरोप, की वाचनालयातली पुस्तकं जरा कमी करा, डोळे जातील. मी म्हटलं, वहिनींच्या डोळ्यांचं सोड, त्यांचं वाचून झालं की आपल्या कानांना त्रास होतो.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमचा धाकटा दीर

११ मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

तुमचा वाद पाहिला. गिऱ्हाइकाच्या होडीवर घालायची ताडपत्री शिवत होते. जाड सुई बोटात गेली, तेव्हा कळलं की मी उभी राहिले आहे.

ह्यांनी ते वाक्य म्हटलं होतं, मी नाकारत नाही. तुम्ही माझ्याच टेबलाशी बसला होता, नुकती मिसरूड फुटली होती तुम्हाला. हे पहिल्या सफरीवरून आले होते आणि मी घाबरू नये म्हणून तसं बोलले होते. पुढे काय म्हणाले ते ऐकायला तुम्ही कुठे होता? नोकरी लागली आणि तुमचे पाय या घराला विसरले.

म्हणून आता सांगते. संशोधनाच्या त्या बोटीवर हे इंजिन सांभाळायचे. बोट बर्फाला बांधून ठेवायची आणि शास्त्रज्ञ मंडळी खाली उतरून मोजमापं घ्यायची. दरवर्षी एकाच खाडीतला बर्फ, त्याला सगळे अंगण म्हणायचे. तिथे फुटबॉल खेळायचे, कपडे वाळत घालायचे. कुठेही जड सामान ठेवण्याआधी भोक पाडून जाडी बघायची, असा नियम होता. फक्त अंगणात कोणी बघत नसे. आपल्या अंगणात कोण खड्डा खणून बघतो? शेवटच्या दोन-तीन सफरींनंतर हे नुसतं म्हणायचे, की अंगण लहान होत चाललंय, येतो तो बर्फही पोरकट, पातळ येतो. आणि तरी अंगणात ठेवलेला नादुरुस्त जनरेटर बघायला त्या दिवशी न मोजता चालत गेले. सवयीने गेले. अंगणच खाली गेलं.

बाईंची बोलती बंद झाली म्हणता. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की कोणीही सभ्य माणूस गप्प बसतो. तुम्ही त्यांना हरवलं नाहीत, त्यांच्या सभ्यपणाचा फायदा घेतलात. तोही माझ्या नवऱ्याला पुढे करून.

आता बोटीचं. ह्यांच्या बोटीचं पोट जाडजूड होतं, बर्फावर चढून तो फोडायची ती. तुम्ही म्हणता नवी बोट हलक्या बांध्याची. बर्फ जर होता तसाच असेल, तर हलक्या पत्र्याची बोट त्यात कशी घालता? तिच्यावरही कुणाची तरी माणसं असतील. बोट चिरडली तर बातमीत ह्यांचं नाव पुन्हा बुडालेलं वाचायचं का मी? संमती देत नाही.

जाऊबाईंना सांगा, डोळे उत्तम आहेत.

राग आहे, पण लोभही आहे. दोन्ही ठेवून घ्या.
तुमची वहिनी

१९ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. अंगणाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही.

तुम्ही घाबरलात हे समजतं, पण जीव टांगणीला लावू नका. बोटीला काडीचाही धोका नाही. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर उपग्रहाचे नकाशे आहेत, मी रोज बघतो. जिथे दादाची बोट बांधायचे तिथे आता उन्हाळ्यात मैलोन्‌मैल नुसतं पाणी असतं. पूर्वीसारखा जाड बर्फ परत यायचा नाही, असं आमचेच इंजिनियर सांगतात. म्हणून तर जाड पोलादाचा खर्च वाचवला. बोटीवरची मुलं सुखरूप जातील, सुखरूप येतील.

आता तरी दोन ओळी पाठवा. साहेब विचारत आहेत आणि मी तोंडघशी पडेन.

लोभात कमी करू नये.
तुमचा धाकटा दीर

२५ मार्च

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

माझी समजूत घालायला तुम्ही खरं बोललात. कंपनीच्या भिंतीवर एक, टीव्हीवर दुसरं. बर्फ संपला हे जगात सगळ्यात आधी तुम्हाला कळलं, कारण त्यात तुमची वाट निघाली. आणि लोकांनी ती बंद करायला सांगू नये म्हणून तुम्ही त्यांना सांगता, की काही झालेलं नाही. चोराने घर धुऊन न्यायचं आणि वर घरमालकाला म्हणायचं, तुमच्याकडे सामान होतंच कधी?

मी मूर्ख नाही. घरात दिवा लागतो, गाडीत तेल जळतं, माझी ताडपत्रीही तेलापासूनच होते. पाप एकट्या तुमच्या कंपनीचं नाही. पण आपण सगळे चुकतोय म्हणणं वेगळं आणि चूकच नाही म्हणणं वेगळं.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. घरातलं घरात. पण नाव हवं असेल, तर मला जे लिहिलंत ते त्याच कार्यक्रमात, त्याच तोंडाने बोला. मग मी येईन आणि दोन्ही हातांनी पडदा ओढीन. नाहीतर ह्यांचं नाव ना बोटीवर, ना तुमच्या तोंडी.

बाकी कुशल. जाऊबाईंची कंबर कशी आहे?

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
तुमची वहिनी

१४ एप्रिल

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

काल पुन्हा कार्यक्रम झाला, पाहिला असेलच. निवेदकाने दादाचा विषय काढला आणि मी म्हटलं, माझ्या भावाचं नाव या चर्चेत नको. त्यापुढे जाता आलं नाही. नकाशाचं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करावं लागलं असतं. या वयात मला कोण घेणार? तुम्हाला एकटीला भागवता येतं, माझ्यावर चार माणसं आहेत.

बोटीला दुसरं नाव देताहेत. साहेबांना मी सांगितलं, वहिनींची तब्येत बरी नाही. हे खोटं माफ करा. माझ्यापरीने मी दादाचं नाव सोडवलं. अजून रागावला आहात का?

लोभ राहिला असेल, तर तेवढं कळवावं.
तुमचा धाकटा दीर

२० एप्रिल

प्रिय भाऊजींस,
स. न. वि. वि.

कार्यक्रम पाहिला. ह्यांचं नाव परत केलंत, ते मी घेतलं. त्यासाठी निवेदकाला मध्येच तोडलंत, तेही दिसलं. आणि पाणी पिऊन पुढच्याच वाक्यात तुम्ही म्हणालात, की बर्फ येतो, बर्फ जातो. आता ते वाक्य भावाचं नाही, नुसतं तुमचं.

तब्येत ठणठणीत आहे. साहेबांना मी फोन करून सांगितलं, की दिराने माझी लाज राखायला थाप मारली, मी आजारी नाही, नकार दिला आहे. का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तुमच्या भिंतीवरचा नकाशा बघा, त्यात माझा नवरा कुठे उभा होता ते शोधा. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. कंपनीचाच नकाशा, तो खोटा आहे असं थोडंच म्हटलं मी?

चार माणसांचं पोट मला कळतं. म्हणून तुम्हाला घराचं दार बंद नाही. या, जेवा, हवं तर रात्री राहा. फक्त या टेबलाशी ते वाक्य पुन्हा काढायचं नाही. इथे ते पहिल्यांदा बोलणारा माणूस पुढे ते स्वतःच बदलून गेला.

रागावले आहे का, विचारता. हो. तो उतरावा म्हणून काही करत नाही, तुम्हीही करू नका.

लोभ आहे तो आहेच. वाढावा, असं मात्र यंदा लिहीत नाही.
तुमची वहिनी