पट्टा रद्द, कब्जा कायम

१० नोव्हें., सोमवार
सकाळीच हैदराबादहून लतागारूचा फोन. टीमप्रमुख असली तरी एरवी आधी जेवण विचारते. आज थेट म्हणाली, "कूर्चो." तेलुगूत बस म्हणे; गारू म्हणजे आपलं जी.
कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, भोक सापडलंय. मेमरीचा एक तुकडा सोडून दिल्यावरही कोणीतरी तो वापरतंय. साधा वापरकर्ता त्यातून अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकतो. त्या ओळी कोणी लिहिल्या ते बघितलं. मी. सात वर्षांपूर्वी, नवी नोकरी, दांडगी हौस.
पुढच्या सोमवारी दुरुस्ती सगळ्या जगाला एकदम मिळणार. तोवर कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर चोर आधी पोचतील. मग अर्धा डबा चिवडा संपवला.

११, मंगळ.
पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहिला. दुपारपर्यंत स्वतःवर खूश. चाचणी दोन तास नीट, मग धाडकन आडवी. पुन्हा लावली, पुन्हा तेच. खोलीत येरझाऱ्या. आई खालून ओरडली, "काय वं, वरतं दळन मांडलं का?"
जेवणात लक्ष नाही. भाजी कसली होती?

१२, बुध.
बाबा चहा घेऊन वर आले. "काऊन वं मंजू, तोंड काऊन उतरलं?"
सांगायचं नव्हतं. पण बाबांची सगळी नोकरी तहसीलमध्ये झाली, म्हणून जमिनीची गोष्ट करून सांगितली. म्हटलं, समजा एकाचा पट्टा रद्द झाला, जमीन दुसऱ्याला दिली, तरी जुना माणूस नांगर घेऊन येतोच. मी त्याला हाकललं. तरी कोणीतरी पेरून जातंय.
बाबा हसले. "पहाणीच्या उताऱ्यात दोन रकाने राह्यतात. पट्टेदार कोन, अन् कब्जात कोन. तुह्या कागदात दुसरा रकाना हाय का?"
नव्हता! मालक कोण ते चोख लिहिलं होतं. त्या तुकड्याचा पत्ता आत्ता कोणाकोणाच्या हातात आहे, ते कुठंच नाही. शोधत बसले आणि सापडला: टायमर. मेमरी सोडल्यावरही तो ठरल्या वेळी वाजायचा आणि जुन्या पत्त्यावर जाऊन लिहायचा. धावत खाली गेले, "बाबा, घड्याळ! घड्याळ होतं कब्जात!"
इतकंच बोलले. खरंच इतकंच.

१३, गुरु.
नवा पॅच. मेमरी सोडण्याआधी टायमर कायमचा बंद. लतागारू: "चाला बागुंदि." फार छान म्हणे. सात वर्षांत पहिल्यांदा. पॅचखाली कोणी सुचवलं त्याचं नाव घालायची रीत आहे. बाबांचं घालावंसं फार वाटलं. घालता येत नाही, बाहेर बोलले हे उघड होईल. ते मात्र मजेत, उद्या तामसीला बारशाला जायचं म्हणून इस्त्री करत होते.

१५, शनि.
चाचणी अजून उभी आहे. बाबा कालच परतले.
आज दुपारी सुनीलचा मेसेज. तामसीच्या रेखाचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचा नवरा. नागपूरच्या एका दवाखान्याचे सर्व्हर सांभाळतो. "ताई, काका बारशात सांगून राह्यले होते, मंजूनं पट्टा रद्द झालेल्या घड्याळाचा कब्जा पकडला. यूज-आफ्टर-फ्री हाय का? कर्नलमधी?"
सोडून दिलेली मेमरी वापरण्याच्या दोषाचं हेच तांत्रिक नाव. अख्ख्या तामसीत ही गोष्ट कळणारा एकच माणूस, आणि तोच नेमका पंगतीत बाबांच्या शेजारी.
बाबांवर ओरडले. नको ते बोलले. ते म्हणाले, "म्या मशीनचं नाव तरी घेतलं का? म्या तं जमिनीचीच गोष्ट सांगतली."
खरं आहे. गोष्ट माझीच होती. तोंड मी उघडलं, बोल त्यांना लावला. आता लाज वाटते आहे.

१६, रवि.
लतागारूला सांगितलं. ती म्हणे, वर कोणाला कळवू नकोस, एकच दिवस उरलाय. चूक तुझी, फुटलंही तुझ्याच घरातून, नाव दोनदा जाईल. पटत होतं, म्हणूनच भीती वाटली. सकाळी अकरा वाजता, दुरुस्ती जाहीर करणाऱ्यांच्या गुप्त यादीवर मेल टाकली: गुपित माझ्याकडून फुटलं असावं, जमलं तर आजच जाहीर करा. उत्तर नाही. रविवार, सगळे सुटीवर. दर मिनिटाला बघते.
मध्येच सुनील पुन्हा: "ताई, आयसीयूच्या मशीन माह्याच भरवशावर हायेत. आज बंद करू का, तं सांगा. नाईतर फक्त नाई म्हना, मी शांत बसतो. तवर एका ग्रुपवर इचारून पाहू का?"
ग्रुपवर! हो म्हटलं तर गुपित गेलं. गप्प बसले तर हा ग्रुपवर विचारणार. नाही म्हटलं आणि आजच कोणी त्या मशीनमध्ये शिरलं तर? "नाही" लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.
बाबा जिना चढून वर आले. कालपासून आम्ही बोललो नव्हतो. मेसेज त्यांना वाचून दाखवला, आता लपवायचं काय राहिलंय? त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मी लावू का सुनीलले फोन? सांगतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, काईबी बरळते. जावई हाय, मानन."
आणि त्यांना पुढच्या बारशाला बोलावतील तेव्हा? लोक हसतील. आणि हे खोटंच, फक्त माझ्याऐवजी त्यांच्या तोंडून.
नको म्हणायला हवं. अजून म्हटलेलं नाही.
सुनीलचा नंबर त्यांनी काढलाय. फोन हातात धरून माझ्याकडे बघताहेत.