वर्णक्रमातला पहिला

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. नामांकित डिझायनर लिहितात.
अकोल्याच्या विभागीय सतर्कता कक्षाचं काम अखेर मिळालं. संशयितांची माहिती शोधायचा त्यांचा स्क्रीन नव्यानं करून द्यायचा आहे. पुण्यात मी पिझ्झा मागवायचं ॲप केलं होतं. तत्त्व तेच, माणसाला हवं ते पटकन मिळालं पाहिजे. पौर्णिमाला सांगितलं, तर म्हणते, पिझ्झा चुकला तर वापस करता येते. बायकोला यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याची सोय, कळत नाही.
रोज सकाळी फिरायला जायचं, हेही आजपासून. म्हणजे उद्यापासून. आज पाऊस होता.

११ सप्टेंबर, गुरुवार
कक्षात बसून निरीक्षण. ऑपरेटरचं नाव हर्षा. नाव टाकलं की त्या नावाची सगळी माणसं तिच्यापुढे येतात. मग ती एकेकाचा फोटो, गाव, वय उघडून बघते. खात्री झाली की एकाला निवडते आणि का निवडलं तेही लिहिते. अमानुष प्रकार. विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, येते ना सर, पण माणूस घरून उचलून आणायचा असते.
टिपून ठेवलं: यूजर त्रासात आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
नवा स्क्रीन तयार. देखणा झालाय. नाव टाका, गावाच्या वर्णक्रमानं जो पहिला येईल तो आपोआप निवडलेला. खाली एकच मोठं हिरवं बटण, ‘पुढे पाठवा’. त्याच नावाची बाकीची माणसं कोपऱ्यात, ‘आणखी’ दाबलं की दिसतात. कारण लिहायची जागा काढून टाकली. हर्षाचं म्हणणं, बाकीचे समोरच दिसाले पाहिजे. दिसतात की. दाबलं की दिसतात.
कक्षाचे प्रमुख ओमप्रकाश साहेब खूश. म्हणाले, हे तर माझ्या नातवालाही जमेल. डिझायनरला याहून मोठी पावती नाही.
फिरणं झालं नाही. गुडघा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
साहेबांचा स्वतःहून फोन. स्फोटकांच्या प्रकरणात चंद्रभान नावाच्या माणसाची खबर आली होती. नाव टाकलं, बटण दाबलं, आणि चहा थंड व्हायच्या आत पथक निघालं. आधी यालाच अख्खी दुपार जायची.
केस स्टडी लिहायला घेतली. डिझायनरांच्या परिषदेला पाठवणार. सुरुवात इंग्रजीतून करावी का?

२९ सप्टेंबर, सोमवार
हर्षाचा फोन. चंद्रभान दोन निघाले. वडिलांचं नावही दोघांचं एकच. हवा होता तो तिवशाचा. उचलला तो चांदूर बाजारचा, झेंडूवाला. वर्णक्रमात च आधी येतो. बिचारा दसऱ्याची फुलं तोडत होता. तोवर तिवशाचा पळाला.
वर्णमाला मी बनवलेली नाही. ‘आणखी’ दाबायला हवं होतं. याला आमच्याकडे यूजर एरर म्हणतात. का नाही दाबलं, विचारलं. ती रडत होती. म्हणाली, “बटण हिरवं होतं, सर.”
रंगावर पुन्हा विचार करायला हवा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
झेंडूवाल्याला सोडलं. दसरा कालच झाला. एका कानानं ऐकू येत नाही म्हणतात. कोठडीत मारलं असं तो सांगतो. आधीपासूनच कमी येत असेल.
हर्षाला घरी बसवलं. चौकशी लागली. साहेबांनी मला विचारलं, दुसरा माणूस स्क्रीनवर दिसत होता का? मी म्हटलं, सोय होती. हे खरंच आहे.
केस स्टडी अर्धी झाली. शीर्षक सुचत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
चांदूर बाजारला जाऊन आलो. ज्याच्यावर सिस्टीमचा परिणाम होतो त्याला भेटणं हा चांगल्या रिसर्चचा भाग आहे. ओळख मात्र सर्व्हेवाला म्हणून दिली. उगाच भीती नको.
चंद्रभानच्या बायकोनं, बेबीताईनं, चहा दिला. मागच्या वावरात झेंडू झाडावरच वाळलेला. चंद्रभान बोलणाऱ्याकडे मान वळवून चांगला कान पुढे करतो. थोरला भाऊ खुशालराव शेजारीच राहतो. दोघांची विहीर एक. पण बोलणं बंद. आपलं नाव पथकाला भावानंच दिलं, हे यानं मनात धरून ठेवलंय.
निघताना त्यानं माझा हात धरला. “माह्यं नाव कोनं देल्लं, तेवढंच सांगा जी. गावात ज्याच्याकडं पायतो, तोच वाटते.”
कोणीच दिलं नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण चुकीच्या वेळी माहिती दिली की यूजर गोंधळतो. चौकशी करून कळवतो म्हणालो आणि बेबीताईला माझा नंबर दिला.
उद्या नक्की फोन करणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
फोन राहिला. दिवाळीची गडबड. पौर्णिमाची खरेदी. दिवाळीनंतर शांतपणे करू.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी बेबीताईचाच फोन. काल विहिरीवर चंद्रभाननं खुशालरावांवर कुऱ्हाड चालवली. खुशालराव अमरावतीला दवाखान्यात आहेत, शुद्ध नाही. चंद्रभानला पोलीस घेऊन गेले. या वेळी माणूस बरोबर आहे.
नाव कळलं का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, रेंज नाही.
भाऊबीजेला माझ्या ताईकडे गेलो नाही. गुडघा.

२७ ऑक्टोबर, सोमवार
खुशालराव गेले. पेपरात आतल्या पानावर होतं, जमिनीच्या वादातून.
साहेबांचा फोन. स्क्रीन आता सगळ्या जिल्ह्यांत लावायचा म्हणतात. मी हो म्हटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार
आज ठरवलंच. काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं, सोपं, लहान वाक्य. दोनदा मोठ्यानं वाचलं. फोन लावला. बेबीताईनं उचलला. मागे कोणी बाई रडत होती.
मी म्हटलं, राँग नंबर.
ती म्हणाली, “आवाज ओळखला जी तुमचा. नाव कळलं असन तर सांगा, नाही तर ठेवा.”
मी ठेवला.