पाच, चार, तीन, दोन, एक आणि एक आगाऊ स्वल्पविराम

३ जून, सोमवार
कॉम्प्युटर क्लास, आठवडा दुसरा. छापखान्यात फर्मान निघालंय: सर्टिफिकेट असेल तर नवा विभाग, नसेल तर बाइंडिंगला. तीस वर्षं मुद्रितशोधक असलेल्या माणसाला! असो. एका आठवड्यात सी भाषा खिशात.
आजचा प्रोग्रॅम: दिलेल्या आकड्यापासून एकापर्यंत उलटी मोजणी. एकच फंक्शन दर वेळी एक कमी करून स्वतःलाच बोलावतं. आलं काय, तर ‘५, ४, ३, २, १,’. बाई म्हणाल्या, शेवटचा स्वल्पविराम तेवढा काढा. मला सांगतात! आजवर पोतंभर काढले असतील मी.

४ जून
काढला. शेपटीचा गेला, डोक्यावर बसला: ‘, ५, ४, ३, २, १’. यंत्र उद्धट आहे.

५ जून
‘नवी ओळ’ फंक्शनच्या आत घातली. प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर, किराणा सामानाच्या यादीसारखा. शेजारच्या खुर्चीवरून बायको हसली. सोबत म्हणून हिचंही नाव क्लासला घातलं, ही माझीच घोडचूक.

६ जून, दुपारी
मुद्रितशोधकाच्या नजरेनं वाचलं. ‘शून्य झालं की परत फिर’ ही ओळ निव्वळ पाल्हाळ. उडवली. प्रोग्रॅम शून्याखाली घुसला, उणे एक, उणे दोन करत हजारोंत गेला आणि कोसळला. बाई म्हणाल्या, काका, तो ब्रेक होता. मग तसं लिहायला काय धाड भरली होती? एवढंच म्हणालो. जरा मोठ्यानं. सगळा वर्ग वळून बघत होता. कीबोर्डचं एक बटण निखळलं, ते आधीपासूनच सैल असणार.

८ जून
चहा ओतता ओतता बायको म्हणाली, अहो, एकावर आलं की स्वल्पविराम छापू नको, एवढी अट घाला ना. तिला बजावलं, माझ्या धंद्यात नाक खुपसू नकोस.

१० जून
जमलं! मोजणी-बिजणी सगळी थोतांडं. ‘५, ४, ३, २, १’ ही अख्खी ओळच सरळ छापायला सांगितली. स्वल्पविराम मोजून चार. नजर लागेल इतकं स्वच्छ. बाई बघून गप्पच झाल्या असत्या, पण दाखवलं नाही. थेट परीक्षेत दाखवणार.

१२ जून
परीक्षा. बाईंनी सात आकडा दिला. माझ्या प्रोग्रॅमनं पाचपासून मोजलं. मी म्हणालो, सात हा आकडाच मुळात चुकीचा आहे. बाईंनी शून्य दिलं. बायको पास.

१५ जून
बाइंडिंगला पहिला दिवस. डिंकानं बोटं चिकटली. फेरपरीक्षा महिन्यानं. बाईंच्या वर्गात मी पाऊल ठेवणार नाही.
दुसरी शिकवणी ठरवली आहे. उद्या सकाळी सहाला, स्वयंपाकघरात. ओरडलात तर उठून जाईन, असं म्हणाली. मी बरं म्हणालो.