वर्गातली मुंगी

सौंसर

प्रिय जयवंताताई,

संत्र्याच्या तोडणीतून मोकळी झालीस का? घरी मुकुंद म्हणतात, बहिणीला फोन कर, पत्र काय लिहून राहिली! पण फोनवर तू मला मधेच थांबवशील. तुझ्या सायलीकडून हे निवांत वाचून घे.

यंदा आमच्या हिंदी शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग आहे. एक चित्र दाखवून मी विचारलं, “ये क्या है?” एक पोरगी नुसती बघत राहिली. जवळ बसून आपल्या बोलीत विचारलं, तर म्हणाली, “मुंगी हाय. आमच्या चुलीपाशी लय येतात.” मग मुंग्यांबद्दल इतकं बोलली की थांबेचना! पुस्तकातली ‘चींटी’ तेवढी तिला ठाऊक नव्हती, आणि तेवढ्यावर आपण पोरांना मठ्ठ ठरवतो.

तेव्हापासून मनात घोळत होतं, पोरांनी आधी घरच्या बोलीत गोष्ट ऐकावी, सांगावी. मग त्याच गोष्टीवरून हिंदी शिकवावी. शाळेत बोलले, तर भूपेंद्र सर हसले. “मॅडम, दुनिया इंग्लिशकडे चालली अन् तुम्ही पोट्ट्यांना परत चुलीपाशी नेऊन राहिल्या!” मी इतकी खजील झाले की सगळं सोडूनच देणार होते. मुकुंद म्हणाले, “आत्ता कोणाला सांगू नको. आधी करून पाह.” मग मधल्या सुट्टीनंतर वर्गाचं दार लोटून मी गोष्टी सांगू लागले. दिवाळीपर्यंत तीच पोरगी हिंदीतही गोष्ट सांगायला लागली.

परवा शिक्षकांच्या बैठकीत खात्याच्या साहेबांनी विचारलं, पहिलीत कोणी काही नवं केलं का? भूपेंद्र सर समोरच होते. तरी मी उठले आणि सगळं सांगितलं. टाळ्याबिळ्या कोणी वाजवल्या नाहीत. भूपेंद्र सरांना अजूनही पटलेलं नाही. पण साहेब म्हणाले, आता उघडपणे करा, गोष्टी सांगायला बायांना बोलवा. पहिलं कोण येणार?

ताई, तुला न विचारता मी तुझं नाव सांगून बसले. मास्तर तुला ‘मुकी’ म्हणायचे. पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही, असं बाबांनाही वाटलं आणि तिसरीतच तुझी शाळा सुटली. मी मात्र कापसाच्या ढिगावर, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून, तुझ्याच गोष्टी ऐकत मोठी झाले. शनिवारी लोधीखेड्याहून सकाळच्या बसने ये. शाळेच्या फाटकाची तुला अजून धास्ती वाटते, ठाऊक आहे मला. मी फाटकातच उभी राहीन. हात धरून आत नेईन. तिथं तुला हिंदीत कोणी काही विचारणार नाही. तू फक्त बोल, ताई.

तुझीच धाकटी,
सुचिता