वायफायची कांडी आणि बावीस नंबरचा साचा

मालाड पूर्व,
आश्विन वद्य सप्तमी

माझा जुना सोबती खंडू यास दशरथचा मनापासून नमस्कार.

तू बरा असशील, गुडघ्याला तेल चोळत असशील आणि वहिनींशी भांडत नसशील, असं धरून चालतो. (भांडत असलास तर हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.) माझी तब्येत ठीक. मधूनच छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणतो काही नाही, पण तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. खरं तर फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेला शब्द न् शब्द सुनेला ऐकू जातो, आणि विषय तिचाच आहे.

तर ऐक. चौथी पास दशरथने कॉम्प्युटरचा रोग शोधून काढला. घाईत वाचलं असशील तर ही ओळ पुन्हा वाच.

आमची श्वेता आठवड्यातले चार दिवस घरूनच ऑफिसचं काम करते. कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि इंटरनेटचा डबा बाहेरच्या. म्हणून आमच्या पोराने, सुयोगने, कॉम्प्युटरच्या मागे खुपसायला बोटभर लांबीची एक वस्तू आणली, ती हवेतून वायफाय ओढते. तिला इंग्रजी नाव आहे, पण मी बघताक्षणी म्हटलं, अरे ही तर कांडी! आपल्या मिलमध्ये कापड विणताना इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची बसायची तशी. तेव्हापासून घरात सगळे तिला कांडीच म्हणतात.

दसऱ्याला मी कॉम्प्युटरची पूजा केली. मिलमध्ये विणायच्या साच्यांची करायचो तशीच, काही कमी न ठेवता. कांडी काढून ताम्हनात ठेवली, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहिलं आणि पुन्हा जागच्या जागी बसवली. (एका दसऱ्याला तू गावी गेला होतास, तेव्हा तुझ्या बावीस नंबरच्या साच्याची पूजाही मीच केली होती, आठवतं ना? मित्र म्हणून.) दुसऱ्या दिवशी श्वेताची मीटिंग ऐन रंगात असताना पडदा निळा झाला, त्यावर एक उतरलेलं तोंड आलं, आणि कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झाला. असं दिवसातून पाच वेळा.

श्वेताने विचारलं, "बाबा, पूजेत ह्याच्यावर पाणी शिंपडलंत?"

म्हटलं, "पाणी नाही गं, फक्त कुंकू."

"फक्त?" एवढंच म्हणाली ती, पण मला जेवण गेलं नाही. त्यात आमची बायको रत्नप्रभा आतून ओरडली, "तुमका कोणी सांगल्यान तेका हात लावूक?" झालं. टेबलाजवळ जायची मला बंदी. तिकडे श्वेताच्या साहेबाने सांगितलं की घरून जमत नसेल तर सोमवारपासून रोज ऑफिसात या. म्हणजे पोरीचे येण्याजाण्यात रोज चार तास जाणार, आणि नाव कोणाचं? माझ्या कुंकवाचं.

बाजारातल्या दुकानातला विशाल येऊन कॉम्प्युटर घेऊन गेला. पुसला, आतले दोन तुकडे बदलले, सगळं नवीन भरलं. परत आणला, कांडी लावली, अर्ध्या तासात निळा. म्हणतो, "काका, नवीन घ्या." मी विचारलं, "एका वेळी किती वस्तू बदलल्यास?" तर म्हणे, "सगळ्याच!" खंडू, आपल्या साचे दुरुस्त करणाऱ्या जॉबरने त्याला तिथेच कानाखाली दिली असती. साचा अडला की एका वेळी एकच वस्तू काढायची, साचा चालवायचा, बघायचं. दुसऱ्या वस्तूला तोवर हात नाही.

गुरुवारी श्वेता ऑफिसला गेली, तेव्हा नात अक्षताला शेजारी बसवलं, पायात रबरी चपला घातल्या (विजेचा काय भरवसा) आणि वही उघडली. प्रिंटर काढला, चौदा मिनिटांत निळा. तो लावून कॅमेरा काढला, अकरा मिनिटांत निळा. स्पीकर काढले, सोळा. मग कांडी काढली. तीन तास चालला रे! अक्षताने त्यावर आधीच उतरवून ठेवलेला अख्खा सिनेमा बघितला. पुन्हा कांडी लावली, नऊ मिनिटं. दुसऱ्या भोकात लावली, दहा. काढली की गुण्यागोविंदाने चालू. चोर सापडला.

संध्याकाळी श्वेताने वही वाचली. दोनदा वाचली. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही शोधलंत?" खंडू, मिलमध्ये इतकी वर्षं काढली, पण असं कोणी विचारलं नव्हतं. आता बाहेरच्या डब्यापासून आतपर्यंत लांब वायर टाकली आहे, मीटिंगा बिनबोभाट चालतात, आणि विशाल कांडी तपासायला घेऊन गेला तो माझ्या वहीचा फोटो काढून. दुकानात पोरांना दाखवणार म्हणे. मजल्यावर तीन घरांत मी सांगितलं आहे. चौथ्या घराला कुलूप होतं.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तुला जे काही बाकी राहील ते.

तुझा,
दशरथ

ता.क. लक्ष्मीपूजन आठ दिवसांवर आलं. कॉम्प्युटरची पूजा करू देणार का म्हणून विचारलं, तर श्वेता नुसती हसली. ते हसणं मला नीट कळलं नाही. तर तू तिला फोन कर आणि एवढंच सांग, की मिलमध्ये दशरथच्या पूजेने एकही साचा कधी बंद पडला नाही. तुझं ती ऐकेल.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहितो आहे. विशाल आला होता. दारातूनच म्हणतो, "काका, हे सगळं अक्षतामुळे!" मी भडकलो. म्हटलं, "माझ्या नातीचं नाव घेऊ नकोस, तिने कांडीला बोट लावलं नाही." त्याने मूठ उघडली. आत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. कांडीच्या तोंडात रुतून बसला होता. साफ केल्यावर कांडी झकास चालते. घरात अजून कोणाला ठाऊक नाही. विशालला फराळ कबूल केला आहे.

ता.क. तिसरा. झोप येईना. त्या दसऱ्यानंतर तुझा बावीस नंबर रोज अडायचा, आणि साहेबाने तुला आठ दिवस घरी बसवलं होतं. खंडूचा हात जड आहे, हे साहेबाला मीच सांगितलं होतं. धोट्यात अक्षता मूठभर वाहिल्या होत्या रे. तुझा साचा म्हणून जरा जास्तच.

तू काय म्हणशील ते मी ऐकून घेईन. पण श्वेताला फोन आधी कर, आणि बावीस नंबरचं तेवढं बोलू नकोस.