तिकिटावरचा गाडीवान

२४ सप्टेंबर १९५६

दसऱ्यानंतर टपालाची पिशवी मोटारीनं जाणार! पनवेल-बेलापूर टांगा बंद. भावजींनी – बाळाराम, माझा दीर – जेवता जेवता सांगितलं. वर म्हणाले, "पाखऱ्याला गिऱ्हाईक बघितलाय." घोडा माझ्या नवऱ्याचा. मला विचारलं? छे. मी भाकऱ्या वाढायला आहे.

सासूबाई ताटावरून उठल्या. दोन पावसाळ्यांमागे खाडीच्या बांधावर चाक घसरलं, हे खाली फेकले गेले ते गेलेच. पाखऱ्या टांगा आणि टपाल घेऊन एकटाच दारात आला. ‘माझ्या पोराला टाकून आला,’ एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या. तेव्हापासून तबेल्यात त्यांचं पाऊल नाही. टांगा भावजी हाकतात.

पाखऱ्याला मी विकू देणार नाही.

२५ सप्टेंबर

विकू देणार नाही म्हणणं सोपं. त्याच्या चण्याचं काय?

२८ सप्टेंबर

दिवाळे गावची कमळी भेटली. मासळी घेऊन पनवेलच्या बाजाराला जाते. एसटीत टोपली घेत नाहीत म्हणून सगळ्याजणी चालत जातात. मी म्हटलं, टांग्यातून नेलं तर? तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हाकनार कोन?" मी. "मैना, तू हाकशील तर आमी बसू. पन पारू नको आमाला." नाही पाडणार, म्हटलं.

झालं! टपाल नाही तर मासळी. पाखऱ्याला वासाचं वावडं नाही.

३ ऑक्टोबर

माहेरच्या जयदेवदादाचं पत्र आलं. दादा बोटीवर खलाशी आहे, कुठल्या कुठल्या बंदरातून लिहितो. पोस्टमास्तर वामनराव स्वतः घेऊन आले, कारण पाकिटावरचं तिकीट! चार घोड्यांची गाडी, वर गाडीवान लगाम धरून बसलेला. "घोडागाडीनं टपाल नेणाऱ्यांच्या आठवणीसाठी सरकारनं काढलंय," वामनराव म्हणाले. त्यांना ते संग्रहाला हवं होतं. मी दिलं नाही. पाकिटावरून सोडवून डब्यात ठेवलं.

भावजींना दाखवलं – बघा, तिकडे घोड्यांना केवढा मान. ते म्हणाले, "मोटार आली म्हनून छापलाय. मेल्यावरच फोटो लावतात भिंतीवर." या माणसाच्या जिभेला हाड नाही. सासूबाई ओसरीवर सुकट निवडत होत्या. ऐकलं असेल, पण मान खालीच.

६ ऑक्टोबर

आज टपालाची फेरी झाल्यावर टांगा मी बाहेर काढला. गावातली माणसं दारात येऊन बघत होती. बघू देत. वळणावर चाक कुंपणात गेलं, पदर काट्यात अडकला, पण लगाम सोडला नाही.

बांधावर त्या जागी पाखऱ्या आपणहून थांबला. भावजी तिथे चाबूक काढतात म्हणे. मी उतरले, मानेवर हात ठेवून त्याला चालवत पलीकडे नेलं. मग मला रडू आलं. बरंच रडले. तो उभा राहिला.

८ ऑक्टोबर

आजही नेला. भावजी म्हणतात, घराची अब्रू गेली. जाऊ दे. पनवेलचा माणूस दसऱ्याला घोडा न्यायला येणार आहे. त्याआधी हात बसलाच पाहिजे.

९ ऑक्टोबर

डब्यातलं तिकीट गायब! वामनरावांना विचारलं. त्यांचा चेहरा पडला. उगाच विचारलं.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज घराघरात हत्यारांची, गाड्यांची पूजा. आमच्या टांग्याला फूल नाही. मी विधवा, कुंकू लावायचं नाही. मामंजी मिठागरावर. भावजी म्हणाले, "उद्या इकायचाय, पूजा कसली?" सासूबाई सवाष्ण, पण त्या तबेल्यात जात नाहीत.

देवाऱ्यातला दिवा लावायला गेले तर देवांच्या टाकांमध्ये ते तिकीट! हळद, कुंकू, वर झेंडूची पाकळी. गाडीवानाच्या कपाळावर नेमका ठिपका.

आमच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवाऱ्यात बसवतात. ह्यांचा टाक सासूबाईंनी करूच दिला नाही. सोनार आला की त्याला परत पाठवायच्या. आणि आता हे. टपालवाल्यांच्या आठवणीसाठी सरकारनं काढलं असं ऐकलं, आणि त्यांना वाटलं, सरकारनं आपल्या पोराचीच तसबीर छापली! कसं सांगू त्यांना? नाहीच सांगणार. तिकिटाला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

१४ ऑक्टोबर, दसरा

पनवेलचा माणूस आला. भावजींनी दावं सोडलं. मी आडवी होणार तोच सासूबाई करंडा घेऊन तबेल्यात शिरल्या. पाखऱ्याच्या कपाळावर कुंकू लावलं. "घोरा इकाचा नाय. मैना हाकवल." पनवेलचा माणूस पानसुपारी घेऊन परत गेला.

मागाहून मला राहवेना. म्हटलं, "आय, त्या तिकिटावरचा माणूस..."

"गोरा हाय. डोक्यावर टोपी हाय. मना दिसत नाय काय?" मग म्हणाल्या, "सोनाराला बोलव. माझ्या चांगदेवचा टाक कराचा हाय."