नाना गेले, ओव्हर

मुलुंड (पूर्व)
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. सौ. जयंतीताईच्या चरणी श्यामकांतचा साष्टांग नमस्कार.

(चरणांवरून आठवलं, गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली कपाटात ठेवून तिला नुसता नमस्कार करतेस?) इकडे सर्व क्षेम. गार्गीची सर्दी गेली, माझं पित्त आहे तिथेच आहे आणि नाना खुशाल आहेत. हे शेवटचं पुन्हा एकदा वाच, कारण गेल्या आठवड्यात याच एका बाबतीत आपल्या गोतावळ्यात मोठा घोळ झाला आणि त्याचं खापर सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यावर फोडलं आहे. फोन तू उचलत नाहीस. ग्रुपवर लिहावं तर आपल्या रेवतीच्या नणंदेपासून सगळे वाचणार. म्हणून हे पत्र. मुलुंडहून बोरिवलीला पत्र पाठवतो म्हणून लोक हसतील, तर हसू देत.

झालं असं की, आमच्या समोरच्या शर्मिष्ठावहिनींचा मुकुल सिनेमा काढतो आहे. तुला तो आठवत असेल, लहानपणी आपल्याकडे येऊन फ्रीजचं दार उघडून नुसता उभा राहायचा तो. आता त्याला दाढी आहे. सिनेमाचं नाव 'लहरींवरचा खुनी'. काळ साठ-पासष्ट सालचा, आणि नायक म्हणजे एक हौशी रेडिओवाला, जो खुर्चीतून न उठता नुसत्या वायरलेसच्या खरखरीवरून खुनी शोधून काढतो. आता आमच्या अख्ख्या इमारतीत हौशी रेडिओवाला कोण? मी. सरकारी लायसन्स कुणाकडे? माझ्याकडे. गच्चीवरची एरियल कुणाची, जिच्यात सगळ्यांच्या चादरी अडकतात म्हणून सोसायटी दर सभेला बोंब मारते? माझीच. त्यामुळे मुकुल दारात येऊन "काका, तुमच्याशिवाय हा सिनेमा होऊच शकत नाही" म्हणाला, तेव्हा मी आत जाऊन मिशी कातरून आलो. मग हळूहळू कळलं की त्याला माझा रेडिओ हवा आहे, माझी बाहेरची खोली हवी आहे (फुकट) आणि माझे हात हवे आहेत. नायक त्याचा कुणी मित्र आहे, जिमला जाणारा. त्याला संदेश टकटकायची मोर्सची किल्ली अशी धरता येते की जणू डास मारतो आहे. तेव्हा तोंड त्याचं आणि हात माझे, असा हिशेब ठरला. गार्गी त्या दिवसापासून मला 'हस्तकलाकार' म्हणते आणि दळण आणायला पाठवते.

नानांचं मात्र नशीब उघडलं. त्यांना प्रेताचं काम मिळालं. तुला ठाऊकच आहे, आपल्या काकांनी उभा जन्म हौशी नाटकांत काढला, पण सगळा विंगेत, दुसऱ्यांना वाक्यं पुरवण्यात. उतारवयात पहिली भूमिका मिळाली ती मेलेल्या माणसाची, पण त्यांनी ती अशी मनावर घेतली की विचारू नकोस. दुपारभर दिवाणावर सरावाला पडून राहायचे. गार्गी बिचारी दर थोड्या वेळाने जाऊन त्यांच्या नाकाशी बोट धरून यायची, आणि नाना डोळे मिटूनच म्हणायचे, आहे गं, आहे, चहा टाक.

मुकुलकडे पैशांचा ठणठणाट. म्हणून त्याने जुना काळ आणला तो घरातल्याच सामानाने. एसीवर टॉवेल, टीव्हीवर गार्गीची लग्नातली शाल, राउटरवर टोपली. खिडकीबाहेर मेट्रोचं काम चालू असल्यामुळे सारखी घरघर यायची, तर त्याने नायकाच्या तोंडी वाक्य घातलं, 'सरहद्दीवर धुमश्चक्री सुरू झालेली दिसते.' मुलुंडला कुठली सरहद्द, असं मी विचारलं, तर म्हणे ठाण्याची. अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो.

आता मुख्य घोटाळा. माझा एक रेडिओमित्र आहे, मानखुर्दचा प्रितम. बँकेत आहे, लाखात एक माणूस. रोज संध्याकाळी आमची लहरींवर गाठ पडते. आमच्या मंडळींत रीत अशी की आधी हवापाणी विचारायचं, मग घरच्यांची खुशाली, आणि आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता समोरच्याने बोलावं. प्रितमला मी सिनेमाचं मुद्दाम सांगितलं नव्हतं. (नुसते हात दिसणार, हे कोणत्या तोंडाने सांगणार?) तर त्या दिवशी मुकुल दिवे लावत बसला होता आणि नानांना लागली भूक. चेहऱ्यावर पांढरी पावडर थापलेली, तसेच ते उठून खाली दादूच्या गाडीवर वडापाव खायला गेले. (दादूने पैसे मागितले नाहीत. त्याने वडापाव दुरूनच पुढे केला.) इकडे प्रितम नेहमीपेक्षा लवकरच लहरींवर आला. त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते शब्दशः देतो आणि तूच सांग यात माझं काय चुकलं.

"नाना कसे आहेत? ओव्हर."

"नाना गेले. ओव्हर."

"कधी? ओव्हर."

"हे काय, आत्ताच. सकाळपासून पडून होते रे, कंटाळले शेवटी. ओव्हर."

"त्रास नाही ना झाला? ओव्हर."

"छे, हसत गेले. ओव्हर."

"तयारी झाली का सगळी? ओव्हर."

हे ऐकून मला वाटलं, गार्गीने त्याच्या नीलमला सिनेमाचं सांगितलेलं दिसतं. म्हणून मी मोकळेपणाने सांगितलं की हार आणला आहे, कापूस आणला आहे, मुकुल म्हणतो अंधार पडायच्या आत उरकायचं, फक्त रडायला माणसं कमी पडताहेत. त्यावर प्रितम "निघालोच" म्हणाला आणि ओव्हर म्हणायलाही थांबला नाही. मी मनात म्हटलं, काय हौशी माणूस आहे. पण निघण्याआधी त्याने ही बातमी आमच्या सगळ्या रेडिओमंडळींना कळवली. त्यांत घाटकोपरचे रेवतीचे यजमान. त्यांनी रेवतीला सांगितलं आणि रेवतीने ग्रुपवर टाकलं. पुढचं तुला माहीत आहे, निदान तुझ्या मोबाईलला तरी.

नाना वडापाव खाऊन परत आले, हात पुसून दिवाणावर आडवे झाले, मुकुलने त्यांच्या नाकात कापूस घातला, गळ्यात हार घातला आणि कॅमेरा सुरू केला. माझे हात किल्लीवर. नायक चिकटवलेली मिशी दाबून धरून चिंतन करतो आहे. एवढ्यात दार लोटून प्रितम आणि नीलम पांढरी फुलं घेऊन आत आले. त्यांच्या मागून रेवती, तिचे यजमान आणि घाटकोपरच्या भजनी मंडळातल्या बायका. मुकुलला वाटलं ही माणसं मी जमवली आहेत. त्याने मला डोळ्यांनीच शाबासकी दिली आणि कॅमेरा फिरवत राहिला. आणि काय रडले गं सगळे! प्रितम तर ढसाढसा. नानांनी त्याला एकदा फोनवर दीड तास मृच्छकटिकाचं कथानक सांगितलं होतं, ते आठवून रडत होता. रेवती म्हणाली, कधी कुणाला एका शब्दाने दुखावलं नाही हो माझ्या काकांनी. यावर नानांचा ओठ हलला हे मी स्वतः पाहिलं, पण त्यांनी सावरलं. कसलेला नटही इतकं सावरू शकला नसता.

मग कुणीतरी रेवतीला विचारलं, बोरिवलीहून जयंती निघाली का? रेवती डोळे पुसत म्हणाली, नाही, तिने ग्रुपवरच टाकलंय.

आणि प्रेताने डोळे उघडले. नाकातला कापूस तसाच. उठून बसलं आणि म्हणालं, "काय टाकलंय जयूने?"

त्यानंतरचं सगळं सांगत बसत नाही. भजनी मंडळ जिन्यात पोचलं. नीलमच्या हातातली फुलं पंख्यात गेली. नायकाची मिशी कुठे पडली ती अजून सापडलेली नाही. (गार्गीला डाळ निवडताना केस सापडला, पण तो माझा असावा.) प्रितम तेवढा जागचा हलला नाही. त्याने पुढे होऊन नानांची नाडी बघितली आणि मग माझ्याकडे असं बघितलं की दोन दिवस मी रेडिओ लावला नाही.

नाना मात्र कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी रेवतीचा मोबाईल घेतला, चष्मा मागितला आणि वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली. पुढे जोडलेले हात. त्याखाली थोड्याच वेळाने तुझाच दुसरा निरोप, की मागच्या हळदीकुंकवाला हिरव्या झाकणाचा डबा कुणाचा राहिला आहे. नंतर रेवतीने 'नाना जिवंत आहेत, गैरसमज झाला' असं कळवलं, त्यावर तू अंगठा दाखवलास. ताई, मी तुझ्यापेक्षा लहान आहे, पण बोलतो. मानखुर्दहून प्रितम आला, जो आपल्या नात्याचा ना गोत्याचा. घाटकोपरहून बस करून बायका आल्या. आणि नानांनी जिला खांद्यावर बसवून जुहूची चौपाटी दाखवली, तिच्याकडून डबा आणि अंगठा.

मला कळतं, तुझा राग बारशाचा आहे. नानांना नातवाचं नाव ठेवायला बोलावलं आणि ते नावं ठेवून आले. 'ह्रियान' हे नाव आहे की शिंक, असं भर पाळण्याशी विचारायला नको होतं, आणि वर 'जीवेत् शरदः शतम्' म्हणायला तर मुळीच नको होतं. पण तो पोरगा आता शाळेत जायला लागला, आणि तू अजून मुलुंडची पायरी चढली नाहीस.

तर आता परिस्थिती अशी आहे की नाना मरायला तयार नाहीत. मुकुलने हात जोडले, शर्मिष्ठावहिनींनी पुरणपोळी आणून दिली (ती खाल्ली). एकच सांगतात: "जयू रडायला आली तर मरेन. नाहीतर तुमचा सिनेमा तुम्ही बघा." प्रेतच नाही म्हटल्यावर खून कुठला, आणि खून नाही तर शोधणार काय? मुकुलने एकदा नाइलाजाने मला झोपवून पाहिलं. म्हणाला, काका, तुम्ही मेल्यासारखे दिसत नाही, रागावल्यासारखे दिसता. माझा यात काडीचाही स्वार्थ नाही, मी फक्त तुला वस्तुस्थिती कळवतो आहे.

घरी सर्वांना यथायोग्य सांग. नानांचे आशीर्वाद, जिवंतपणी दिलेले.

तुझा
श्याम

ता. क. : शनिवारी सकाळी ये. रडायचं आहे. पांढरी साडी नको, मुकुल म्हणतो कॅमेऱ्यात चकाकते. जेवण आमच्याकडे.

ता. क. २ : वर स्वार्थाबद्दल लिहिलं आहे ते गार्गी मागे उभी होती म्हणून. मुकुल म्हणाला आहे, तू आलीस तर तुला सावरून धरायला घरचा माणूस लागेल, आणि त्यात माझं अर्धं तोंड येईल. डावीकडचं. तेव्हा हुंदका देताना जरा उजवीकडे कल.

ता. क. ३ : (खालच्या ओळी नानांच्या. मी पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात लिहिल्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत असं समज.)

जयू, हा श्याम लिहितो ते निम्मं धर. मी काही रुसलेलो नाही. पोराला बरोबर आण, त्याचं नाव मी पाठ केलं आहे, आता न शिंकता म्हणता येतं. या वेळेला नक्की ये बाळा. खरोखरच्या वेळी तू येशीलच, पण तेव्हा आलेली मला कळणार नाहीस.